एका राणीच्या नावाची गोष्ट

‘विठ्ठल’ या नावाचे लोकांच्या तोंडी ‘विठोबा’ झाले, ‘विठू’ झाले. नाव आखडले, पण माया वाढली. विलायतेतल्या एका नावाच्या नशिबी मात्र बरेवाईट दोन्ही आले. ते नाव ‘एथेलड्रेडा’. आज तिकडे हे नाव मुलीला क्वचितच कोणी ठेवील. पण त्याच्यापासून निघालेले दोन शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेवर आहेत : एक सोज्वळ, दुसरा बदनाम.

जुन्या इंग्रजीत हे नाव ‘एथेलथ्रिथ’ असे होते. ‘एथेल’ म्हणजे कुलीन आणि ‘थ्रिथ’ म्हणजे सामर्थ्य. ही सातव्या शतकातली राजकन्या. तिचे दोनदा लग्न झाले, दुसरे नॉर्थंब्रियाच्या राजाशी. पण मन संसारात रमेना. राणीपद सोडून ती संन्यासिनी झाली आणि इ. स. ६७३ मध्ये दलदलीने वेढलेल्या ईली या बेटावर तिने मठ स्थापला. ६७९ साली मानेवर गाठ येऊन ती वारली. लहानपणी आपण गळ्यात हार मिरवले, त्याचेच हे प्रायश्चित्त, असे ती म्हणे. ही हकीकत बीड नावाच्या साधूने ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात नोंदली आहे. (या बीडचा आपल्या बीड गावाशी काही संबंध नाही, बरे का!)

पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्ते बदलले, तशी बारशाची नावेही बदलली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही जेत्यांची नावे शेतकऱ्यांच्या घरी शिरली आणि दीड-दोनशे वर्षांत जुनी नावे बहुतेक पुसली गेली. एथेलथ्रिथ वाचली, कारण ती संत ठरली होती. नॉर्मनांनीच १०८३ मध्ये ईलीला मोठे देऊळ बांधायला घेतले. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिचे नाव ‘एथेलड्रेडा’ केले. सामान्य माणसाला तेही जड गेले. त्याने केले ‘ऑड्री’.

ईलीला ऑक्टोबरात या संतिणीची जत्रा भरे. तिथे बायका गळ्यात घालायच्या रेशमी फिती घेत. त्यांना ‘सेंट ऑड्रीची लेस’ म्हणत. आता ‘सेंट ऑड्री’ हे भरभर म्हणून पाहा. ‘सेंट’मधला ट पुढच्या शब्दाला चिकटतो आणि ‘टॉड्री’ ऐकू येते! पुढे फितींचा माल हलका झाला, आणि सतराव्या शतकात ‘टॉड्री’ म्हणजे भडक, दिखाऊ, सवंग असा अर्थ रूढ झाला. गळ्यातल्या हारांचा जिला पस्तावा झाला, तिचेच नाव गळ्यातल्या भपक्याला मिळाले.

‘ऑड्री’ मात्र तगली. शेक्सपिअरने १५९९ च्या सुमाराच्या एका नाटकात हे नाव शेळ्या राखणाऱ्या खेडवळ मुलीला दिले. विसाव्या शतकात ते पुन्हा प्रतिष्ठित झाले; १९२९ साली जन्मलेली नटी ऑड्री हेपबर्न तर सर्वांना ठाऊक आहे.

शिक्षकबंधूंना एवढेच सांगावेसे वाटते : मुलांच्या तोंडचा अपभ्रंश ऐकून लगेच कपाळाला आठी घालू नका. एथेलड्रेडा हे शुद्ध रूप ग्रंथांत आणि देवळांच्या नावांत राहिले. बाराशे-तेराशे वर्षे ते बारशाच्या पाळण्यापर्यंत पोचवले, ते अडाणी म्हटल्या गेलेल्या जिभांनी. त्याच जिभांनी त्याची थट्टाही केली, हेही खरे.