गाडीच्या एसीतला गॅस ‘संपत’ नसतो

जून उजाडला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: गाडीचा एसी गार हवा देत नाही, गॅरेजवाला कॉम्प्रेसर बदलायचे हजार डॉलर सांगतोय, काय करू? विचारणारा बहुधा विद्यार्थी असतो, पोस्टडॉक असतो, नाहीतर नुकताच बायकामुलांना घेऊन आलेला. गाडी दहा-बारा वर्षांची असते. आणि डॅलस किंवा फिनिक्सच्या उन्हात मागच्या सीटवर तान्हं मूल असेल, तर एसीला चैन म्हणता येत नाही.

उत्तरं दोन प्रकारची येतात. काही जण म्हणतात निमूट पैसे भरा. बाकीचे म्हणतात दुकानातून गॅसचा कॅन आणा आणि द्या मारून. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि पैसे तिथेच वाचतात. पण त्यासाठी आत काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

माठातलं पाणी का गार होतं हे तुम्हाला माहीत आहे. बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती होताना उष्णता घेऊन जाते. एसीत हेच होतं, फक्त पाण्याऐवजी शीतक असतं आणि वाफ उडून न जाता परत पकडली जाते. बहुतेक जुन्या गाड्यांत हे शीतक म्हणजे आर-१३४ए. साध्या हवेच्या दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या इव्हॅपरेटरमध्ये दाब साधारण ३० पीएसआय असतो. त्या दाबाला ते २ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पंख्याची हवा गार होते. मग कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब सुमारे २०० पीएसआयपर्यंत नेतो. आता तीच वाफ ५४-५५ अंशांना द्रव होऊ शकते, म्हणजे बाहेर चाळिशी असली तरी रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधून उष्णता बाहेर फेकता येते. त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू.

या चक्रात शीतक कुठेच खर्च होत नाही. पेट्रोलसारखं ते जळत नाही. आपल्याकडे ‘दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचा’ असं ऐकत आपण मोठे झालो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. रबरी नळ्या आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडंसं झिरपतं हे खरं, पण त्याने आठ-दहा वर्षांनी गारवा जरा कमी होईल. एका वर्षात एसी बंद पडणार नाही.

दुसरी गोष्ट हजार डॉलरशी थेट निगडित आहे. कॉम्प्रेसरला लागणारं तेल शीतकाबरोबरच फिरतं. शीतक कमी झालं तर तेल पोचत नाही, म्हणून गाडीत दाबाचा स्विच असतो आणि दाब फार उतरला की तो कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. त्यामुळे कॉम्प्रेसर फिरत नाही म्हणजे तो मेला, असं मुळीच नाही. तीन-चार डॉलरच्या ओ-रिंगमधून शीतक गळून गेलं तरी लक्षण अगदी हेच दिसतं. ‘दाब किती मोजला?’ असं गॅरेजमध्ये विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

फुकटातल्या गोष्टी आधी. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. तो चोंदला असेल तर हवा गारच असते, पण येते बेताची. कंडेन्सरच्या जाळीत पानं आणि किडे अडकलेले असतात, ते बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवा. गाडी हायवेवर गार आणि सिग्नलला गरम हवा देत असेल, तर एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहा. फ्यूज तपासा. रिले तर शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून दोन मिनिटांत तपासता येतो. कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून बसतो का ते ऐका (काही नव्या गाड्यांत क्लच नसतोच, तिथे ही परीक्षा चालत नाही). यातच निम्मं कोडं सुटतं, असा माझा अनुभव आहे.

आता गेज. बहुतेकांची गल्लत इथेच होते. बंद गाडीत गेज लावला आणि बाहेर ८० अंश फॅरनहाइट असेल, तर तो साधारण ८७ पीएसआय दाखवेल. शीतक भरपूर असलं तरी ८७ आणि अर्धं गळलेलं असलं तरी ८७. कारण द्रव आणि वाफ एकत्र बंदिस्त असतात तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. घरचा गॅस सिलिंडर आठवा. तो संपत आलाय का हे आई शेगडीची ज्योत बघून ओळखत नसे, सिलिंडर हलवून किंवा उचलून बघत असे. ज्योत शेवटपर्यंत तशीच असते, वजन मात्र खरं सांगतं. कॅनवर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेलं जे स्वस्त घड्याळ येतं, त्याच्यावर विसंबून भरणं म्हणजे ज्योत बघून सिलिंडर मोजणं. बंद गाडीत गेज एवढंच सांगतो की द्रव शिल्लक आहे, की सगळं गळून गेलंय.

गेज शून्यावर असेल तर तुमच्यासारख्याला काम एका अर्थी सोपं आहे, कारण आत सोडण्याजोगं काही उरलेलं नाही. दाब असेल आणि एखादा जोड उघडायचा असेल, तर आधी गॅरेजमध्ये जाऊन यंत्राने उरलेलं शीतक काढून घ्या. ते मुद्दाम हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे, आणि त्याला कारण आहे. पूर्वीच्या आर-१२ने ओझोनच्या थराला धोका होता. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते गेलं आणि त्याच्या जागी १३४ए आलं. ते ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. अर्धा किलो सोडून देणं म्हणजे साधारण ८० गॅलन पेट्रोल जाळणं.

गळती शोधायला साबणाचं पाणी, टॉर्च आणि धीर पुरतो. शीतकाबरोबर तेलही बाहेर येतं, म्हणून धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधा: नळ्यांचे जोड, कंडेन्सरचे कोपरे, कॉम्प्रेसरचं पुढचं सील, भरण्याच्या तोंडातला छोटा व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हचा गाभा आणि ओ-रिंग ही घरी बदलण्यासारखी कामं. इव्हॅपरेटर फुटला असेल तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, तिथे हात जोडावेत. गळती बुजवणारं रसायन मिसळलेले कॅन घेऊ नका. ते बारीक छिद्रं बुजवतं खरं, पण कुठलं छिद्र बुजवायचं हे त्याला कळत नाही, आणि असं रसायन असलेली गाडी पुष्कळ गॅरेजं यंत्राला लावूही देत नाहीत.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम. ही पायरी गाळू नका. पंप आणि मॅनिफोल्ड गेज विकत घ्यायची गरज नाही. ऑटो पार्टची मोठी दुकानं अनामत रक्कम ठेवून अवजारं देतात आणि परत केल्यावर पैसे मिळतात. पंप दोन कामं करतो. एक म्हणजे हवा काढतो, कारण हवा या दाबांना द्रव होत नाही आणि कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते. दुसरं, ओल काढतो. दाब २४ मिलिमीटर पाऱ्याखाली गेला की पाणी २५ अंशांनाच उकळून निघून जातं. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हपाशी गोठते आणि तेलाबरोबर आम्ल तयार करते. अर्धा-पाऊण तास पंप चालवा, बंद करा आणि अर्धा तास काटा हलतो का बघा. समुद्रसपाटीला काटा २९ इंचांच्या पुढे जायला हवा. डेन्व्हरकरांना २४-२५च दिसतील, तो पंपाचा दोष नव्हे, उंचीचा.

मग भरणं. बॉनेटखालच्या स्टिकरवर शीतकाचं वजन छापलेलं असतं, साधारण ४५० ते ६०० ग्रॅम. कॅन १२ औंसांचा, म्हणजे ३४० ग्रॅमचा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, कॅन त्यावर उभा ठेवा आणि आकडा उतरताना बघत भरा. काटा डायल गेजपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. कॅन नेहमी कमी दाबाच्या तोंडालाच लावायचा. जास्त दाबाच्या बाजूला लावला तर तो हातात फुटू शकतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे: द्रव अंगावर उडालं तर कातडी गोठते. ‘अजून थोडं’ म्हणून स्टिकरपेक्षा जास्त भरू नका. कंडेन्सर द्रवाने तुंबतो, दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

काही गाड्यांना मात्र यातलं काही करू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याचं तेल वेगळं असतं. चुकीचं तेल गेलं तर विजेची गळती होऊ शकते. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलेलं असेल (अमेरिकेत २०२१ मॉडेलपासूनच्या नव्या गाड्यांत १३४ए चालत नाही), तर ते महाग आहे, थोडंसं ज्वालाग्राहीही आहे. ते गॅरेजवर सोडा. ब्रिटन आणि युरोपात शीतक हाताळायचे नियम अधिक कडक आहेत. तिथल्या वाचकांनी फुकटातल्या तपासण्या जरूर कराव्यात, भरण्याचं काम परवानाधारकाकडे द्यावं.

भरून झाल्यावर एसी पूर्ण वेगावर आणि रिसर्क्युलेशनवर ठेवा, मधल्या झरोक्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर खोचा. ४० ते ५० अंश फॅरनहाइट दिसले की झालं. तारीख, भरलेले ग्रॅम आणि झरोक्याचं तापमान चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. पुढच्या मे महिन्यात तोच थर्मामीटर पुन्हा खोचा, म्हणजे ओ-रिंग नीट बसली होती का ते कळेल.