उन्हाची झळ आणि डोळ्यांचे रक्षण

मराठवाड्यात ऊन कोणाला नवे नाही. पाय पोळले की आम्ही वहाण शोधतो, डोके तापले की सावली. डोळा मात्र लवकर तक्रार करीत नाही. म्हणूनच त्याची हेळसांड होते.

इजा कशाने होते ते आधी पाहू. सूर्यप्रकाशात नजरेला न दिसणारे अतिनील किरण असतात. जालन्याच्या लोखंडी कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला त्यांची ओळख आहे. काळी काच न धरता ठिणगीकडे पाहिले, तर काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. तसलेच किरण उन्हातून थोडेथोडे, पण वर्षानुवर्षे डोळ्यांत जातात. त्यामुळे पांढऱ्या भागावरचे मांस बुबुळाकडे सरकू लागते आणि आतले भिंग गढूळ होते. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखू ही कारणे आहेतच. ऊन त्यांत भर घालते.

१९४८ च्या कारखाना कायद्यातील ३५ व्या कलमाने, उडणारे कण व प्रखर प्रकाश यांपासून रक्षणासाठी पडदे किंवा चष्मे नियमाने बंधनकारक करण्याची तरतूद केली. परंतु ती कारखान्यापुरती होती. मोसंबीच्या बागेत खुरपणारी बाई, उन्हातला गवंडी, ऊसतोडीला जाणारे जोडपे यांच्यासाठी तीत काही नव्हते. डोळा तर सर्वांचा सारखाच!

उपाय साधे आहेत. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ऊन शक्य तितके टाळावे. रुंद काठाची टोपी घालावी, नाहीतर रुमाल किंवा पदर कपाळावरून पुढे ओढावा. ढगाळ दिवशीही बेफिकीर राहू नये. चष्मा घेताना काळ्या रंगाला भुलू नये. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. काचेत किरण अडविण्याचा गुण नसेल तर ते उलट अधिक आत शिरतात. ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेला, बाजूनेही डोळा झाकणारा चष्मा घ्यावा. लहान मुलांचे भिंग अधिक नितळ असते, म्हणून त्यांना विशेष जपावे.

२६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसले. अशा वेळी नुसत्या डोळ्यांनी किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहू नये. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते भाजले तरी त्या क्षणी समजत नाही, आणि गेलेली नजर कधीकधी परत येत नाही.

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो, हे खरे. पण तोवर बुडालेली मजुरी कोण भरून देणार? म्हणून ठेकेदाराकडे मजुरीचा दर ठरवितानाच दुपारची सुटी, सावली आणि चष्मा हेही मागून घ्यावे.