विश्लेषण : टेबलावर मिग-21 उभं करायचं, पण नेमकं कोणतं?

चंडीगडला 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 निवृत्त झालं. त्या निरोपाची बातमी डेस्कवरून अपडेट करून रात्री घरी आलो आणि कपाटावर दोन वर्षं धूळ खात पडलेला किटचा खोका खाली काढला. आत 1/48 प्रमाणातलं मिग-21 पीएफएम. मला बनवायचं होतं 1971च्या युद्धातलं भारतीय मिग. मिग म्हणजे मिग, काय फरक पडतो, अशी माझी समज होती. ती एक संध्याकाळही टिकली नाही.

खोक्यावर मिग-21 लिहिलंय, मग अडचण काय?

हवाई दलात पहिली मिग-21 विमानं 1963 मध्ये आली आणि शेवटची 2025 मध्ये गेली. एवढ्या काळात या नावाखाली बरीच वेगवेगळी विमानं उडाली. 1971 मध्ये लढलेली प्रामुख्याने ‘एफएल’ आवृत्तीची, म्हणजे आपल्याकडे ‘टाइप-77’. याच आवृत्तीपासून नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिगची बांधणी सुरू झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी ती विभागणी होती.

एफएल आणि पीएफएम लांबून जुळी भावंडं वाटतात. फरक कळतो तो वैमानिक आत बसताना. पीएफएममध्ये पुढची काच जागेवर राहते आणि मागचं झाकण कुशीवर उघडतं. एफएलमध्ये काचेसकट अख्खं झाकण पुढे कलतं. म्हणजे इजेक्शनची खुर्चीही वेगळी. माझ्या किटमधली काच त्यामुळे बाद झाली. वेगळी कॅनॉपी मागवली, ती बसावी म्हणून आजूबाजूचा भाग कापला, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. पंधरा मिनिटांचं काम वाटलं होतं, त्यात तीन रविवार गेले.

खुणेची आणखी एक जागा म्हणजे नाकावरची लांब नळी, पिटो ट्यूब. सुरुवातीच्या एफ-13 मध्ये ती नाकाखाली होती, एफएलमध्ये नाकाच्या वर मधोमध आली, नंतरच्या एमएफ आणि बिसमध्ये उजवीकडे सरकली. आता रस्त्याकडेला चबुतऱ्यावर मिग दिसलं की मी आधी नळी बघतो. सोबतच्या मंडळींना याचा कंटाळा येतो.

मग एकच दिवस का निवडायचा?

कारण विमानाखाली काय लटकवायचं, हे त्या दिवसाच्या कामगिरीवर ठरतं. मी 14 डिसेंबर 1971 निवडला. त्या दिवशी 28 स्क्वाड्रनच्या चार मिग-21 विमानांनी विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली ढाक्यातल्या गव्हर्नमेंट हाउसवर 57 मिलिमीटरची रॉकेट्स डागली. तेव्हा आत गव्हर्नर ए. एम. मलिक यांची बैठक सुरू होती. त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. लक्ष्य शोधायला वैमानिकांकडे होता तो पर्यटकांसाठीचा शहराचा नकाशा.

आता गणित बघा. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली शस्त्र लावायची एकच जागा, म्हणजे दोन पंखांखाली दोन. तिथे रॉकेटचे पॉड लावले, एकेकात 16 रॉकेट्स, की क्षेपणास्त्रांना जागाच उरत नाही. पोटाखाली तिसरी जागा असते, पण तिथे एकतर जादा इंधनाची टाकी येते किंवा तोफेचा पॉड. एफएलमध्ये अंगभूत तोफ नव्हती, म्हणून हा पॉड. किटमध्ये मात्र सगळंच मिळतं आणि हात शिवशिवतात. रॉकेट्स, क्षेपणास्त्रं, टाकी सगळं लावलेलं मिग शोकेसमध्ये झकास दिसतं. तसं विमान कुठल्याही धावपट्टीवर उभं नव्हतं.

1/48 म्हणजे प्रत्यक्षात किती?

मिगच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर. मॉडेलमध्ये तो 15 सेंटीमीटरला जेमतेम कमी, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढा. इथपर्यंत सोपं आहे. पण लांबी 48 पट घटली की वजन 48 गुणिले 48 गुणिले 48, म्हणजे 1 लाख 10 हजार 592 पट घटायला हवं. रिकामं मिग साधारण 5 टनांचं धरलं तर मॉडेल भरतं 45 ग्रॅम. प्लॅस्टिकला हे गणित माहीत नसतं. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेल्या विमानाचं मॉडेल नाकात वजन न भरता चिकटवलं, तर ते शेपटीवर बसतं. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात केलेलं माझं पहिलं मॉडेल असंच बसलं होतं. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा पेपर त्याच सत्रात सुटला होता, हे विशेष.

रंगाचंही तेच. ब्रशनं दिलेला थर 0.1 मिलिमीटरचा झाला, तर त्या प्रमाणात तो खऱ्या विमानावर जवळपास 5 मिलिमीटरचा लेप होतो. पत्र्यांमधली रेघ अर्धा मिलिमीटर रुंद कोरली, तर खऱ्या विमानावर ती 2.4 सेंटीमीटरची फट. एअरब्रश हा शौक नाही, गरज आहे, ती यामुळे. (रंग फवारताना मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा.) शिवाय मॉडेल आपण फूटभर अंतरावरून बघतो, म्हणजे खरं विमान साधारण 14 मीटरवरून. अंतरामुळे रंग फिका दिसतो, म्हणून अनेक जण अस्सल छटेत थोडा पांढरा मिसळतात.

अस्सल छटा कुठून आणायची?

मला सगळ्यात जास्त अडवलं ते इथे. भारतात एफएल आली ती चकचकीत उघड्या धातूत. युद्धाच्या वेळी अनेकांवर घाईघाईत हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले आणि एका विमानाचा नमुना दुसऱ्यासारखा असेलच असं नव्हतं. हाताशी असतात ते बहुतेक कृष्णधवल फोटो. त्यांत गडद पट्टा हिरवा की तपकिरी, हे ठरवणं म्हणजे अंदाजच. संग्रहालयातलं विमान पाहून यावं, तर प्रदर्शनातली विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात.

घाईच्या रंगाची एक खूण मात्र मॉडेलवर आणता येते. आधी पूर्ण विमान ॲल्युमिनियमच्या रंगात रंगवायचं, त्यावर हेअरस्प्रेचा हात, मग पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक हिरवा. वाळल्यावर ओल्या ब्रशनं कडा हलकेच घासल्या की खालची चांदी डोकावते. सुरुवातीला हात थांबत नाही आणि विमान भंगारातून आणल्यासारखं दिसतं. माझा डावा पंख मी दोनदा रंगवला.

कॉकपिटमध्ये एवढं कोण बघणार?

बहुधा कोणीच नाही. तरी आतला तो ठळक निळसर हिरवा रंग चुकवू नका आणि उपकरणांच्या फळीवर मधोमध असलेली उभी पांढरी रेघ विसरू नका. विमान गिरकी घेत कोसळू लागलं की दिशा कळेनाशी होते. तेव्हा कंट्रोल स्टिक त्या रेघेच्या रोखाने मध्यभागी ढकलायची, यासाठी ती असते. मॉडेलमध्ये ती केसाएवढी होते. मिगला ‘उडती शवपेटी’ म्हणणाऱ्या किती बातम्यांना आपण शीर्षकं दिली, हे ती रेघ ओढताना आठवत राहतं.

विमान पूर्ण झाल्यावर नाशिकला थोरल्या मामांकडे घेऊन गेलो. ते ओझरच्या कारखान्यात होते, एफएलनंतरच्या आवृत्त्यांवर. पट्टे, रॉकेट पॉड, तीन रविवार खाल्लेली काच, यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मॉडेल हातात घेऊन आधी उलटं केलं. मिगचं मागचं चाक आत जाताना वळतं आणि धडात उभं राहतं, त्या खोबणीत त्यांनी चष्मा वर करून डोकावून पाहिलं.

“आणि इथल्या नळ्या?” त्यांनी विचारलं.

तांब्याची बारीक तार मागवली आहे.