नागभीडचे रूळ आणि संगणकातले जग

२०१९ पर्यंत नागपूरहून चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडला छोट्या गाडीने जाता येई. या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. तेथून पुढे चंद्रपूरकडे किंवा गडचिरोली जिल्ह्यातील वडशाकडे जाणारी गाडी मात्र १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुंद रुळांवरची. म्हणून प्रवाशांना बोचकी सांभाळत नागभीडला गाडी बदलावी लागे. डबा कितीही मजबूत असला, तरी त्याची चाके दुसऱ्या मापाच्या रुळांवर बसत नाहीत.

संगणकाच्या वर्गात मुले विचारतात, ‘सर, हा खेळ त्या संगणकावर चालतो, मग आपल्या लिनक्सवर का नाही?’ तेव्हा आम्हाला नागभीडची आठवण होते.

कोणतीही आज्ञावली पडद्यावर चित्र काढणे, आवाज काढणे, फाईल उघडणे ही कामे परस्पर करीत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमला तशी विनंती करते. विंडोजमध्ये ही विनंती करण्याची पद्धत एक, लिनक्समध्ये दुसरी. तयार आज्ञावलीची फाईल कशी रचायची, याचे नियमही दोन्हीकडे निराळे. यंत्राचा प्रोसेसर तोच असला तरी रूळ वेगळे. म्हणून लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती बांधावी लागते.

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात माणूस स्वतःची एक प्रतिमा घेऊन वावरतो, इतरांशी बोलतो, घरे बांधतो. या जगाचे दोन भाग आहेत. जमीन, घरे, कोण कोठे उभा आहे याची नोंद, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर असते. आपल्या संगणकावर असतो तो फक्त व्ह्यूअर. सर्व्हरकडून आलेल्या माहितीचे तो चित्र काढतो आणि आपल्या हालचाली सर्व्हरला कळवतो.

गंमत अशी, की त्या काळी कंपनीचे सर्व्हर स्वतःच लिनक्सवर चालत! जग लिनक्सवर उभे होते, पण लिनक्स वापरणाऱ्याला त्यात शिरायला दार नव्हते. व्ह्यूअर होता तो विंडोज आणि मॅकसाठी. लिनक्सची प्राथमिक, चाचणीपुरती आवृत्ती यायला २००६ साल उजाडले.

अडचण कोठे होती? त्रिमिती चित्रे काढण्यासाठी या व्ह्यूअरने ओपनजीएल वापरले होते. ते तिन्ही प्रणालींवर मिळते, म्हणून तो भाग सोपा गेला. पण चित्रफिती दाखवण्यासाठी क्विकटाइमचा आधार घेतला होता आणि क्विकटाइम लिनक्ससाठी नव्हते. तेथे जीस्ट्रीमर हा दुसरा भाग बसवावा लागला. म्हणजे सगळा डबा नवा बांधायचा नसतो. जी चाके एकाच मापाची आहेत, तेवढी बदलायची असतात.

जानेवारी २००७ मध्ये कंपनीने व्ह्यूअरचा मूळ संकेत जीपीएल परवान्याखाली खुला केला. आता कोणीही तो वाचू शकत होता, दुरुस्त करू शकत होता, आपल्या प्रणालीसाठी बांधू शकत होता. पुढे फायरस्टॉर्मसारखे स्वयंसेवकांनी सांभाळलेले व्ह्यूअर लिनक्ससाठीही निघाले. त्याच २००७ साली ओपनसिम्युलेटर हा मुक्त सर्व्हर आकाराला येऊ लागला. तो आपल्याच संगणकावर बसवून स्वतःचे छोटे जग उभे करता येते.

आता आपल्याकडे वळू या. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात नेट आज आहे तर उद्या नाही. ज्या जगाचा सर्व्हर परदेशात आहे, ते जग तार तुटली की नाहीसे होते. शाळेतल्याच एका संगणकावर सर्व्हर असेल, तर वर्गातले जोडलेले संगणक नेटशिवायही त्यात शिरू शकतात. २०१० मध्ये सुरू झालेले मुक्त ‘माइनटेस्ट’ (२०२४ पासून नाव ‘लुआंटी’) हे ठोकळ्यांचे जग असे चालते. ते आणि त्यावरचा एखादा खेळ एकदा उतरवून घेतला की पुरे.

वर्गात काय करता येईल? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुने मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पुष्कळ आहेत. मुलांनी एखाद्या तलावाची पाळ टेपने मोजावी आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरून ती संगणकात बांधावी. समजा, पाळ तळाशी १० मीटर, माथ्यावर ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. समलंब चौकोनाच्या सूत्राने तिच्या छेदाचे क्षेत्रफळ २१ चौरस मीटर. ठोकळ्यांत उतार जमत नाही, पायऱ्या होतात. खालून वर ९, ७ आणि ५ ठोकळ्यांचे थर रचले, तर बेरीज २१ च येते! १०० मीटर लांबीला २१०० घनमीटर माती लागली असेल. ती कुदळी-घमेल्यांनी टाकणाऱ्या माणसांचे कष्ट मग मुलांच्या लक्षात येतात. संगणकातल्या तलावाचे पाणी मात्र उन्हाने आटत नाही. खऱ्या तलावाला आणखी काय काय होते, याची यादी मुलांनीच करावी.

शाळेसाठी एखादी आज्ञावली निवडताना ती किती आकर्षक आहे, एवढेच आपण पाहतो. आणखी तीन प्रश्न विचारावेत. ती आपल्या संगणकाच्या प्रणालीवर चालते का? नेट गेले तरी चालते का? आणि तिचा मूळ संकेत खुला आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोघांचे ‘नाही’ कायमचे राहील असे नाही. मराठी किंवा गोंडी शब्द घालण्याची वाटही तेथूनच निघते. संकेत बंद असेल, तर मात्र दुसऱ्याने आपल्या मापाची गाडी सोडेपर्यंत फलाटावर बसून राहावे लागते.