पोळे न मोडता मध

एक किलो मेण तयार करायला मधमाश्यांना साधारण 6 ते 8 किलो मध खर्ची घालावा लागतो, असा मधपाळांचा नेहमीचा हिशेब. तरुण कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून पाझरणारे मेणाचे पापुद्रे चावून मऊ करायचे आणि त्यांची षटकोनी घरे बांधायची, असे हे काम आहे. पोळे पिळले की साठवलेला मध जातो आणि बांधलेले घरही जाते. वर अळ्या आणि पराग मधात उतरतात. हौशी मधपाळाच्या सामानातली बहुतेक अवजारे हे नुकसान टाळण्यासाठीच घडली आहेत.

याचा पाया मोजमापाने घातला गेला. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंत यांच्यामध्ये 6 ते 9 मिलिमीटरची वाट असेल, तर युरोपीय माश्या ती झाडांच्या राळेने (प्रोपोलिसने) बुजवत नाहीत आणि तिथे पोळेही बांधत नाहीत. अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये या अंतरावर बेतलेली पेटी रचली आणि पोळे धरलेली चौकट अलगद उचलता येऊ लागली. पुढे 1865 मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्याच्या लष्करातील अधिकारी फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी ब्रनो येथील मधपाळांच्या मेळाव्यात पोळे गरगर फिरवून मध काढण्याची रीत मांडली. आजचे मधयंत्र त्याच तत्त्वावर चालते.

सह्याद्रीत आपल्या सातेरी माशीच्या पेट्या आणि चौकटी युरोपीय माशीच्या पेट्यांपेक्षा लहान असतात. त्यामुळे हौशी माणसाला हाताने फिरवायचे दोन किंवा चार चौकटींचे मधयंत्र पुरते. चौकट निवडताना मात्र घाई करू नये. माश्या पंखांनी वारा घालून मकरंदातले पाणी उडवतात आणि मध पिकला की घरांवर मेणाची झाकणे बसवतात. चौकटीवरची बहुतेक घरे बंद झालेली असतील, तरच ती काढावी. मध फक्त वरच्या मधकोठीतून घ्यावा, पिल्ले असलेल्या खालच्या कोठीला हात लावू नये.

झाकणे गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या पातळ सुरीने वरच्यावर तासतात. मग चौकटी यंत्राच्या जाळीदार टोपलीत उभ्या राहतात. पोळे मध्यापासून 15 सेंटिमीटरवर असेल आणि टोपली मिनिटाला 200 फेरे घेत असेल, तर मधाला गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहा पटींहून थोडी जास्त ओढ बसते. त्या ओढीने मध घरांतून सुटून पिंपाच्या भिंतीवर आदळतो आणि खाली ओघळतो. वेग दुप्पट केला, तर ही ओढ चौपट होते. नवे, कोवळे पोळे तिथेच फाटते. शिवाय आतल्या बाजूचा मध मधल्या मेणाच्या पडद्यावर रेटत असतो. म्हणून आधी हळू फिरवून बाहेरच्या बाजूचा निम्मा मध काढावा, चौकट उलटवून दुसरी बाजू रिकामी करावी आणि पुन्हा पहिली बाजू पुरी करावी. पेटीतून नुकत्याच काढलेल्या चौकटी उबदार असतात. त्यांतला मध पातळ असल्याने तो कमी वेगातही सुटतो.

यंत्रातून आलेल्या मधात मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे असतात. चाळणीतून गाळलेला मध तोटी असलेल्या पिंपात एक-दोन दिवस झाकून ठेवला, की बाकीचे काम घनता करते. मधाची घनता पाण्याच्या सुमारे 1.4 पट, तर मेण पाण्यापेक्षाही हलके. कचरा आणि फेस वर येतात आणि तळाच्या तोटीतून नितळ मध बाटलीत भरता येतो. मध आम्लधर्मी असल्यामुळे यंत्र, चाळणी, पिंप सगळे स्टेनलेस स्टीलचे असावे. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे मधाच्या संपर्कात येऊ देऊ नये.

छोट्या साधनांमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर मधाचा एक थेंब ठेवला की प्रकाश किती वळतो, यावरून मधातले पाणी कळते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, तर 18 टक्के पाणी असलेल्या मधाचा 1.49 च्या आसपास. पाणी 20 टक्क्यांच्या वर गेले की साखरेत तग धरणारे यीस्ट जागे होते आणि मध आंबू लागतो. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून काढणी पावसाळ्याआधी, कोरड्या खोलीत उरकावी.

पातळ मध थेट आचेवर आटवण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. उष्णतेने मधातली विकरे निकामी होतात आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल हा पदार्थ वाढत जातो. त्याच्या प्रमाणावरूनच प्रयोगशाळा तापवलेला किंवा जुना मध ओळखतात. गाळण्यापुरता मध सैल करायचा असेल, तर सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात भांडे ठेवणे पुरेसे असते.

तासलेली झाकणेही वाया जात नाहीत. मध निथळल्यावर ती धुऊन गरम पाण्यात वितळवतात. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते आणि पाण्यावर तरंगून थिजते. त्यातून पुढच्या चौकटींसाठी मेणपत्रे होतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळे एकदम विकत घेऊ नये. मधयंत्र वर्षातले मोजके दिवसच लागते. आसपासच्या चार-पाच मधपाळांनी ते मिळून घ्यावे आणि दर वेळी धुऊन कोरडे करून पुढे द्यावे. रिकाम्या चौकटी संध्याकाळी, माश्यांचे उडणे थांबल्यावर, त्याच पेटीत परत ठेवाव्यात. दिवसा ठेवल्या तर वासाने दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. आणि खालच्या कोठीतला मध माश्यांसाठीच राखावा. सह्याद्रीतल्या धुवाधार पावसात त्यांना बाहेर पडता येत नाही आणि मकरंदही मिळत नाही. बाटल्या किती भरल्या हे त्याच दिवशी कळते, पण काढणी नीट झाली की नाही, हे पावसाळ्यानंतर पेटीत किती माश्या उरल्या यावरून ठरवावे.