वन्स इन अ ब्लू मून

म्हणजे आपलं सठीसहामासी! 'ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून', त्याचा फोन क्वचितच येतो. येतो, पण फार दिवसांनी. आयुष्यात एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी मात्र हा वाक्प्रचार वापरू नका.

चंद्र यात निळा नसतो. इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला 'ब्लू मून' म्हणतात. हा अर्थ १९४६ मधल्या 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या एका चुकीतून रुजला. वाक्प्रचार त्याहून जुना. मला सर्वांत आवडतं ते गणित : अशी पौर्णिमा सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येते, आपला अधिक मासही जवळपास तेवढ्याच अंतराने! २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा होत्या आणि त्याच वर्षी अधिक श्रावणही होता.