पिशाचवास्तू व पुनर्जन्मकथा

ऐतिहासिक वाडा, गढी, किल्ला यांसारख्या जुन्या वास्तूत मृत व्यक्तीचा वास असतो, या समजुतीवर आधारलेल्या कथांना पिशाचवास्तूंच्या कथा म्हणता येईल. मृत व्यक्ती पुन्हा जन्म घेऊन आपली अपुरी इच्छा, कार्य वा ऋण पुरे करते, असे सांगणाऱ्या कथा म्हणजे पुनर्जन्मकथा. भारतीय लोकसाहित्यात हे दोन कथाप्रकार स्वतंत्रपणे आढळत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : वासना वा ऋण शिल्लक असता जीवाची सुटका होत नाही. ज्याला पुढचा देह मिळतो, त्याची पुनर्जन्मकथा होते. ज्याची गती खुंटते, त्याची भूतकथा होते. महाराष्ट्रातील उदाहरणांवरून हा संबंध स्पष्ट होतो.

समजुतींचा आधार : हिंदू परंपरेनुसार मृत्यूनंतर जीव काही काळ प्रेतावस्थेत असतो आणि पिंडदान, सपिंडीकरण इ. विधींनी तो पितरांत समाविष्ट होतो. खून, आत्महत्या, अपघात वा बाळंतपणातील मृत्यू यांमुळे, किंवा विधी न झाल्यास, ही अवस्था संपत नाही असे मानले जाते. अपमृत्यू आलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वर येथे नारायण नागबळी हा विधी करतात, तो याच समजुतीने. मराठी लोकसमजुतीत मृत्यूच्या प्रकारावरून भुतांची नावे ठरतात. मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंत किंवा हडळ होते. धन वा संतती यांविषयीची वासना उरलेला पुरुष समंध होतो. कोकणातील अशा समजुतींची मोठी नोंद ए. एम्. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकरवी जमविलेल्या टिपणांत आहे. १९०९ मध्ये नासिक येथे जॅक्सन यांचा वध झाल्यानंतर ही टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. कोकणविषयक भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

वास्तू आणि आख्यायिका : केवळ जुनेपणामुळे कोणतीही वास्तू झपाटलेली ठरत नाही. ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या मांजर्ली भागापासून जवळच असलेले अंबरनाथ येथील शिवालय शके ९८२ (इ. स. १०६०) मधील, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दीतील आहे. त्याच्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका भुताची नसून, पांडवांनी ते एका रात्रीत उभारले अशी आहे. तेथे पूजा चालू आहे व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. पूजेने जिवंत राहिलेल्या वास्तूचा कर्ता विसरला गेला, तरी लोक त्या जागी देव वा पुराणपुरुष बसवितात. रणात पडलेल्या वीरांचेही असेच आहे. बोरिवलीजवळील एकसर येथे शिलाहारकालीन युद्धाचे वीरगळ आहेत. वीरगळावर मृत योद्धा स्वर्गात पोहोचलेला दाखवितात. त्याला मान व स्थान मिळाल्याने तो भूत न होता पूज्य ठरतो. ज्या मृत्यूला न्याय मिळाला नाही आणि जी वास्तू ओसाड पडली, त्या दोहोंची गाठ पडते तेथे पिशाचवास्तूची कथा जन्मते.

शनिवारवाडा : याचे सर्वांत प्रसिद्ध मराठी उदाहरण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. येथेच ३० ऑगस्ट १७७३ (भाद्रपद शुद्ध त्रयोदशी) रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. त्या वेळी त्याचा चुलता रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होता. नारायणरावाचे प्रेत ज्या दरवाजाने बाहेर नेले, असे सांगतात, तो नारायण दरवाजा म्हणून ओळखला जातो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावास दोषी ठरविले आणि अशा धन्याची चाकरी नको म्हणून पुणे सोडले. पुढे बारभाईंच्या कारस्थानाने रघुनाथरावाची सत्ता गेली. तथापि मुख्य आरोपीला खुनाची शिक्षा अशी झालीच नाही.

लोककथेने ही उणीव भरून काढली. पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असे सांगतात. काही कथांत पौर्णिमेऐवजी अमावास्या येते. खून शुद्ध पक्षातील त्रयोदशीचा होता. अमावास्या ही भूतसंचाराची रूढ तिथी असल्याने ती या कथेत शिरली असावी. इतिहासातील घटना लोककथेच्या ठरीव साच्यात कशी बसविली जाते, हे यावरून दिसते. आनंदीबाईने ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ चा ‘मा’ केला, ही गोष्टही अशीच सर्वतोमुखी झाली. हा आरोप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. परंतु म्हणीच्या रूपाने भाषेत रुळलेल्या कथेपुढे इतिहासाचा संशय टिकत नाही. हाक मारणाऱ्या भुताला कथेने न्याय दिला, तर आनंदीबाईला पुराव्यावाचून शिक्षा दिली.

या खुनाचा धाक केवळ सामान्यांपुरता नव्हता. रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव याने नारायणरावाच्या खुनाचे प्रायश्चित्त म्हणून पुण्याच्या परिसरात आंब्याची झाडे लावली व ब्राह्मणांना दाने दिली, असे ब्रिटिश अमदानीतील इतिहासलेखनात नमूद आहे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, या कल्पनेचे हे राजघराण्यातील उदाहरण होय. पेशवाईच्या अखेरीनंतर २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली; लाकडी मजले जळाले आणि तट, दरवाजे व जोती उरली. राहते घर नाहीसे झाल्यावर तेथे केवळ आठवणच वस्तीला राहिली.

पुनर्जन्मकथा : मराठी संतसाहित्यात पुनर्जन्माची कथा दंडापेक्षा पूर्ततेची आहे. नामदेवांचा अभंगरचनेचा अपुरा संकल्प तुकारामांनी पुढे नेला, या श्रद्धेतून तुकाराम हे नामदेवांचे अवतार मानले गेले. संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपले पूर्वीचे बारा जन्म अभंगांत सांगितले आहेत. चालू जन्म त्यांच्या मते तेरावा. सरस्वती गंगाधर यांच्या गुरुचरित्रा त कुरवपूरच्या एका परटाची कथा आहे. राजाचे ऐश्वर्य पाहून त्याच्या मनात राज्यभोगाची वासना उपजते. श्रीपाद श्रीवल्लभ त्याला पुढील जन्मी यवन राजा होण्याचा वर देतात. पुढे मांडीवरील फोडाने त्रस्त झालेला हा राजा नृसिंह सरस्वतींकडे येतो, तेव्हा त्यांनी परीट म्हणून हाक मारताच त्याला पूर्वजन्म आठवतो. बहामनी राजवटीत परधर्मी राजाशी असलेले नाते हिंदू समाजाने आपल्या परीने कसे समजावून घेतले, याचा ही कथा पुरावा आहे.

विसाव्या शतकात अशा कथांचा अभ्यास मानसशास्त्रीय अंगाने होऊ लागला. १९७० नंतर नागपूर येथील एक मराठी स्त्री मधूनमधून स्वतःला जुन्या काळातील बंगाली स्त्री समजून बंगाली बोलू लागल्याचे प्रकरण अमेरिकन मानसचिकित्सक इअन स्टीव्हनसन व सतवंत पसरीचा यांनी अभ्यासले. या प्रसंगाचा अर्थ पुनर्जन्म असाच घ्यावा, हे टीकाकारांना मान्य नाही. भाषेचा पूर्वपरिचय आणि व्यक्तिमत्त्वाचे विघटन यांकडे ते लक्ष वेधतात.

सामाजिक परिणाम : कथा म्हणून निरुपद्रवी असलेली समजूत व्यवहारात घातक ठरू शकते. भूत उतरविण्याच्या नावाखाली आजारी माणसाला, विशेषतः स्त्रियांना, मारहाण होते आणि उपचारास विलंब होतो. मागील जन्मी आपण पतिपत्नी होतो, असे सांगून स्त्रियांचे शोषण केल्याचेही प्रकार घडले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे आणि पूर्वजन्मीच्या नात्याचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणे, ही दोन्ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत अंतर्भूत आहेत. कथा सांगण्यास वा ऐकण्यास या कायद्याने बंदी केलेली नाही.

अशा कथा घटनेचा पुरावा नसतात. समाजाला कोणता मृत्यू विसरता आला नाही, याचा मात्र त्या पुरावा असतात. शनिवारवाड्यातील हाक कोणी खरोखर ऐकली काय, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. अडीचशे वर्षे ती लोकांना ऐकावीशी का वाटली, हा आहे.